सावडीबाहेरचा नागू

आषाढ लागला, भाताच्या रोपांचं आवण वीतभर वर आलं, तरी "तुझं कधी धरायचं?" असं विचारायला नागू विरल्याच्या दारात कुणी आलं नाही.

पोशीरला लावणीच्या तोंडावर हा प्रश्न घरोघर फिरतो. गावात सावड आहे. आज सगळ्यांनी मिळून गजाचं शेत लावायचं, उद्या स्वप्नीलचं, परवा राजाचं, मग नागूचं. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. ज्याचं शेत त्याने दुपारचं जेवण घालायचं, एवढंच. दिवसाला दिवस फिटतो. नागूच्या वडिलांच्या वेळी सावड होती. ते गेले त्या वर्षी नागू त्यांच्या जागी चिखलात उतरला आणि बाकीच्यांनी थोडं सरकून त्याला जागा दिली. त्याला सावडीत घ्या, असं कुणाला सांगावं लागलं नाही.

या वर्षी आपण सावडीत आहोत की नाही, हे त्याला कळत नव्हतं. विचारायचं तर कुणाला, तेही कळत नव्हतं. हे विचारायची गोष्टच नव्हती.

त्याची आई जना नळावरून बातमी घेऊन आली. गजाचं मंगळवारी ठरलंय.

"आपलं काय?" तिने विचारलं.

"बघू."

"बघू काय? आवण थांबतंय होय तुझ्यासाठी?"

नागू रेनकोट चढवत होता. तो मोटरसायकलवर बसला आणि कामाला गेला.

नागूचं वय छत्तीस. कर्जतच्या आयटीआयमधून तो वायरमन होऊन बाहेर पडला, पण त्या कामात त्याचं बस्तान बसलं नाही. घरी भाताची चार खाचरं आणि आई. बहीण लग्न होऊन कळंबला गेली. त्याचं लग्न राहूनच गेलं. मुलीकडचे विचारायचे, पोरगा पर्मनंट हाय का. नागू खरं ते सांगायचा आणि चहा संपवून ते लोक उठायचे.

पर्मनंट नव्हता तरी त्याला काम होतं. खालापूरला टोलनाक्याच्या अलीकडे एक गोदाम आहे. एवढं मोठं की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस कोण ते ओळखू येत नाही. ट्रकमधून आलेला माल तिथे लाकडी पॅलेटवर रचतात, वरून प्लास्टिक गुंडाळतात आणि तो पॅलेट आत रॅकपर्यंत नेतात. हे नेण्याचं काम तेव्हा नागूचं आणि पोशीरच्या आणखी सात जणांचं. हातात हँडपॅलेट. पुढे दांडा, मागे दोन लोखंडी जिभा. जिभा पॅलेटखाली सारायच्या, दांडा खालीवर करून वजन उचलायचं आणि ओढायचं. साबणाचा पॅलेट सगळ्यात जड. तो दोघांनी न्यायचा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून रेटायचं आणि वळणावर "आली, आली" म्हणून ओरडायचं. नागू ओढायचा आणि गजा ओरडायचा. गजा वयाने थोडा मोठा. नागू त्याला गजादा म्हणे.

जाणं-येणं गजाच्या जीपमधून. नेरळ, कर्जत, पळसदरी, खोपोली, खालापूर. जीपमध्ये दुनियेच्या गप्पा. दुपारी आठ डबे एकत्र उघडायचे आणि कुणी कुणाचं खाल्लं याचा पत्ता लागायचा नाही.

सावड त्यांनी गोदामातही नेली होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ती आपोआप त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून गेली. कुणाची लावणी असली, कुणाच्या घरी बारसं असलं, तर तो त्या दिवशी यायचा नाही आणि त्याचे पॅलेट बाकीचे ओढायचे. ज्याच्याकडे ते कामाला होते त्या ठेकेदाराला ते ठाऊक होतं. संध्याकाळी माल उतरवायचा डॉक रिकामा दिसला की तो माणसं मोजत बसत नसे. लावणीच्या दिवसांत तर निम्मे जण शेतात आणि निम्मे गोदामात. दुसऱ्या दिवशी उलट. हात दुखायचे, पण कुणाचं शेत मागे राहायचं नाही.

दिवाळीनंतर रोबो आले.

चपटे, राखाडी, गुडघ्याच्याही खाली राहणारे. ते पॅलेटखाली शिरतात, पाठ वर करतात आणि पॅलेट घेऊन चालू लागतात. पुढच्या बाजूला लेझरचा डोळा असतो. आडवं कुणी आलं की थांबतात आणि बाईच्या आवाजात म्हणतात, "कृपया रास्ता दीजिए." रास्ता मिळेपर्यंत म्हणत राहतात. चार्जिंग संपत आलं की आपणच भिंतीशी जाऊन उभे राहतात.

त्यांच्याबरोबर पुण्याहून सुरभी मॅडम आल्या. इंजिनिअर. वयाने नागूपेक्षा लहान, बोलायला चांगल्या. त्यांनी विचारलं, तुमच्यात आयटीआय झालेलं कुणी आहे का? नागू मागेच उभा होता. गजाने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं.

"हा हाय. दाखला ट्रंकेत ठेवलाय, पण हाय."

नव्या रोबोला गोदाम माहीत नसतं. आधी कुणीतरी त्याला सगळीकडे फिरवून आणावं लागतं. मग तो ते लक्षात ठेवतो आणि एकदा एकाने ठेवलं की बाकीच्यांनाही ते मिळतं. मॅडमनी नागूच्या हातात रिमोट दिला. रोबो पुढे, नागू मागे, असे ते प्रत्येक गल्लीतून फिरले. मॅडमच्या हातातल्या टॅबवर गोदामाचा नकाशा रेघ रेघ करत उमटत गेला. भिंती, रॅकचे पाय, खांब. बाकीचे सात जण डॉकवर चहा पीत बघत होते.

स्वप्नील ओरडला, "नागू, नीट वाट दाखव रं. हरवायचा बिचारा."

सगळे हसले. नागूही हसला. त्या दिवशी परत येताना जीपमध्ये दुसरा विषय नव्हता. गजाने नागूचं नाव रोबोचा मास्तर ठेवलं.

होळीच्या आधी ठेकेदाराचं काम बंद झालं. सात जणांना नको सांगितलं. नागूला कंपनीने ठेवून घेतलं. ठेकेदारामार्फत नाही, थेट. गळ्यात कार्ड, पगार बँकेत. रोबोंवर लक्ष ठेवायला एका पाळीत एक माणूस लागत होता.

नागूने ते जीपमध्ये सांगितलं. पळसदरीचा चढ होता. गजाने गिअर बदलला.

"बरं झालं," गजा म्हणाला. "एक तरी राहिला."

तो ते मनापासून म्हणाला. नागूला ते कळलं. म्हणूनच त्याला पुढे काही बोलता आलं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला जाता आलं असतं.

गजा मग जीप घेऊन नेरळ ते कशेळे प्रवाशांच्या सीटा मारू लागला. स्वप्नील एका फार्महाऊसवर माळी म्हणून लागला. बाकीचेही असेच कुठे कुठे पांगले, पण राहायला गावातच. जीप आता खालापूरला जात नव्हती, शिवाय नागूच्या पाळीची वेळ वेगळी पडली. त्याने जुनी मोटरसायकल घेतली.

गोदामात आता बोलायला एकच माणूस होता, गेटवरचा वॉचमन झाकीर. खालापूरचाच. नागू दिसला की तो रोबोंबद्दल विचारायचा, "काय नागूभाऊ, पोरं काय म्हणतात?"

"पोरं चांगली हायत."

"चांगलीच असणार. उलटून बोलत नाय, पैसे मागत नाय. माझ्या फुरकानला पाठवतो एकदा तुझ्या पोरांकडं शिकायला."

गेटच्या आत गेलं की बोलणं संपायचं. रोबो क्वचित अडायचे. प्लास्टिकचा फाटका तुकडा खाली लोळत आला की डोळ्याला तो भिंतीसारखा वाटायचा. पॅलेटची फळी मोडून लोंबत असली की उचलता यायचं नाही. टॅब वाजायचा, नागू जायचा, तुकडा उचलायचा, बटण दाबायचा. रोबो निघून जायचा. सुरुवातीला तो त्यांच्याशी बोलायचा. "घे रं, जा." वळणावर दोन रोबो समोरासमोर आले की त्याच्या तोंडून "आली, आली" निघायचं. मग तेही बंद झालं. ते आपसात आधीच ठरवून बाजूला होत होते.

रोबोंना उजेड लागत नाही. म्हणून वीज वाचवायला कंपनीने गल्ल्यांमधले दिवे माणसाच्या चाहुलीवर लावले. नागू चालायला लागला की त्याच्या डोक्यावरचा दिवा लागायचा, तो पुढे गेला की मागचा विझायचा. एवढ्या मोठ्या गोदामात एकट्या त्याच्यापुरता उजेड असायचा आणि तो त्याच्याबरोबर फिरायचा. अंधारात रोबोंचे निळे दिवे सरकत असायचे.

जेवायला तो रिकाम्या पॅलेटवर बसायचा. कँटीन होती, पण ती पलीकडच्या इमारतीत, आणि जेवताना टॅब वाजला तर तिथून धावत यावं लागे. बसून जेवताना माणूस फारसा हलत नाही. थोड्या वेळाने डोक्यावरचा दिवा जायचा. मग नागू घास हातात असतानाच डावा हात वर करायचा. दिवा लागायचा. असं जेवण होईपर्यंत चालायचं. हळूहळू त्याला त्याची सवय झाली. घरी जेवतानाही एकदा त्याचा हात वर गेला. जनाने विचारलं, काय पाहिजे? तो म्हणाला, काय नाय.

स्थळं मात्र येऊ लागली. आता मुलगा पर्मनंट होता. जनाने एक-दोन फोटो त्याला दाखवले. लावणी होऊ दे मग बघू, असं तो म्हणाला.

लावणीच्या सुट्टीसाठी त्याने मॅडमना फोन केला. त्या नाही म्हणाल्या नाहीत. खोपोलीचा एक जण दुसऱ्या पाळीला असे, तो दोन्ही पाळ्या करायला तयार असेल तर एक दिवस घ्या, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, एरवी तुमच्या जागी गावातलं कुणी येऊ शकतं का? त्यांनी सहज विचारलं होतं. नागू नाही म्हणाला. मागच्या वर्षापर्यंत त्याच्या जागी कुणीही येऊ शकत होतं. आता टॅब दोनच चेहऱ्यांना उघडायचा.

एक दिवस मिळाला. शिवाय आठवड्याची सुट्टी मंगळवारी असे, आणि गजाचं शेत मंगळवारीच निघालं होतं. नागूला हा योग वाटला. बोलावणं नव्हतं. पण सावडीत बोलावणं कुठे असतं? आपण गेलो की झालं. आज आपण गजाच्या शेतात उतरलो की उद्या ते आपल्या शेतात येणार. दिवसाला दिवस. त्याने मनात हिशोब असा सरळ लावला आणि मंगळवारी उजाडताच पँट गुडघ्यावर दुमडून बांधावरून चालत निघाला.

पाऊस संथ पडत होता. गजाच्या वरच्या खाचरात टिलर फिरून गेला होता. बायका आवण उपटून जुड्या बांधत होत्या. गजाची आई चिंधीकाकी सगळ्यांत पुढे. तिने नागूला पाहिलं.

"आलास रं?"

"आलो."

तिने कंबर सरळ केली, जरा बाजूला सरकली, आणि नागू ओळीत उभा राहिला. एवढं सोपं होतं ते. स्वप्नीलने जुडी फेकली, ती नागूने झेलली. पाय चिखलात रुतले. त्याचे हात आपोआप चालू लागले. गजा टिलर धुऊन आला तेव्हा त्याने नागूला बघितलं आणि मान हलवली. बोलला नाही, पण गजा कामात कधीच बोलत नसे.

दुपारी सगळे गजाच्या पडवीत जेवायला बसले. सुकट, भाकरी, भात, वालाचं बिरडं. ओल्या कपड्यांची वाफ. नागू भिंतीला टेकून बसला होता आणि डाव्या-उजव्या बाजूंना माणसं होती.

स्वप्नील म्हणाला, "काय मास्तर, पोरांना सुट्टी का आज?"

"चालूच हायत."

"एखाद्याला तरी आणायचास. एक ओळ लावली असती."

"चिखलात चालत नाय ते."

"मग काय कामाचे? माणसाची जात बरी, चिखलात तरी चालतं."

"आणि जेवायला लागतं," चिंधीकाकी म्हणाली. "तुला तर जरा जास्तच."

सगळे हसले. काकीने नागूच्या ताटात न विचारता भात वाढला. तो नको म्हणाला नाही. कुणीतरी विचारलं, ते रोबो रात्री झोपतात का? नागूने त्यांचं चार्जिंगचं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, म्हणजे म्हशीसारखं, वेळ झाली की आपणच गोठ्यात. पुन्हा हसू झालं. नागू खूप दिवसांनी सलग इतकी वाक्यं बोलत होता. घशाला ते जाणवत होतं.

बुधवारी राजाचं, गुरुवारी स्वप्नीलचं, असं तिथेच बोलणं झालं. नागूने वाट पाहिली. त्याचं नाव आलं नाही. त्याला वाटलं, शेवटी येईल. त्याची खाचरं खालच्या अंगाला, तिथे पाणी उशिरापर्यंत राहतं. दरवर्षी त्याचं शेवटीच असायचं.

संध्याकाळी शेवटची ओळ झाली. बायका पाय धुऊन घराकडे गेल्या. गजा नागूजवळ आला. त्याचा हात खिशात होता.

"नागू, जरा थांब."

नागू थांबला. गजाने खिशातून नोटा काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या. प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, पावसात भिजू नयेत म्हणून.

नागूला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, कुणाला तरी द्यायला सांगतोय.

"काय हे?"

"तुझी आजची मजुरी."

"गजादा, मी सावडीला आलोय."

"ते ठाव हाय." गजा त्याच्याकडे बघत नव्हता, लावलेल्या खाचराकडे बघत होता. "आता ऐक. उद्या राजाचं हाय. येशील?"

"उद्या पाळी हाय."

"गुरुवारी स्वप्नीलचं."

नागूने हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"आमी सगळे तुझ्याकडं येऊ एक दिवस. येणार नाय असं नाय. पण मग ते सात दिवस तू फेडणार कसे? आज तुला सुट्टी होती म्हणून आलास. जमत नाय ते नाय, त्यात तुझा काय दोष. पण कुणाचं कुणावर राहू नये. राहिलं की मग मन बिघडतं."

"मी कधी काय ठेवलंय का?"

"नाय ठेवलंस. म्हणूनच सांगतो."

गजाने त्याच्या हाताची मूठ आपल्या हाताने मिटवली. मग तो टिलरकडे गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नागू शोधत राहिला, पण कुठेच राग सापडला नाही. गजा म्हणत होता ते खरं होतं. सात माणसांचे सात दिवस त्याच्याकडे नव्हते. त्याच्याकडे पगार होता.

घरी आल्यावर त्याने ती पिशवी पडवीत कोनाड्यात ठेवली. जनाने पाहिली.

"कुणी दिलं?"

"गजादाने."

ती आत गेली. चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत राहिली. चूल आधीच पेटलेली होती.

"मग आता मजूरच आण," ती म्हणाली.

विरल्यांच्या शेतात मजूर कधी आले नव्हते. कशेळ्याच्या नाक्यावर सकाळी मजूर मिळतात. भिवाजी म्हणून एक मुकादम वरच्या वाड्यांतली माणसं आणतो. नागूने त्याला फोन लावला. भिवाजीने खाचरं किती, पाणी किती, रस्ता कसा ते विचारलं आणि सगळं अंगावर घेतो म्हणाला. दिवसाची मजुरी नको, कामाचे ठरवून द्या. नागूने मिळालेली एक दिवसाची सुट्टी मजूर यायच्या दिवशी टाकली.

ती माणसं गजाच्याच जीपमधून आली. त्या रस्त्याला सकाळी तीच जीप असते. गजाने त्यांना बांधापाशी उतरवलं. तो खाली उतरला नाही. काच खाली करून त्याने नागूला हाक मारली.

"खालच्या खाचरात पाणी जास्त हाय. सोड जरा, नायतर आवण तरंगल."

"सोडतो."

जीप वळली आणि गेली. नागू खाली गेला, बांध थोडा फोडून पाणी सोडलं.

भिवाजीची माणसं कामाला चांगली होती. त्यांची आपसातली बोली नागूला अर्धीच कळत होती. त्यांच्यात कुणीतरी काहीतरी बोललं की ओळीतून हसू जायचं आणि नागूपाशी येऊन थांबायचं. तोही त्यांच्यात उतरला होता. भिवाजी त्याला म्हणाला, मालक, तुम्ही कशाला, आम्ही हाय ना. नागूला याआधी कुणी मालक म्हटलं नव्हतं. थोड्या वेळाने तो बांधावर येऊन उभा राहिला. मालकाने बांधावर उभं राहायचं असतं, असं त्याला वाटलं.

खिशात फोन वाजला. खोपोलीचा सोबती होता. एक रोबो चौथ्या गल्लीत अडलाय, रास्ता दीजिए म्हणतोय, पण समोर काहीच नाही. नागूने हाताचा चिखल पँटला पुसला. डोळा पूस, म्हणाला. धूळ बसली असेल. सोबती म्हणाला, थांब, बघतो. फोनमधून तो आवाज नागूला ऐकू येत होता. कृपया रास्ता दीजिए. कृपया रास्ता दीजिए. मग थांबला. झालं, सोबती म्हणाला, आणि फोन बंद झाला.

घरी जनाने पहाटेपासून स्वयंपाक केला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि नागूनेही विचारलं नव्हतं. लावणीच्या दिवशी जेवढं शिजतं तेवढं तिने शिजवलं. वाल सोलून बिरडं केलं. भाताचा मोठा टोप. भर दुपारी ती डोक्यावर टोपली घेऊन बांधावर आली.

भिवाजीची माणसं तोपर्यंत जेवून उठली होती. झाडाखाली बसून त्यांनी आपल्या फडक्यांतल्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. भिवाजी संकोचला. "आई, जेवण आमचं आमच्याकडं असतं. तसंच ठरतंय. जेवायला बसलो की वेळ जातो." जनाने आग्रह केला. दोघी-तिघींनी मान राखायला म्हणून बिरड्याची चव घेतली, चांगलं झालंय म्हणाल्या, आणि चिखलात उतरल्या.

उजेड असतानाच काम संपलं. एवढ्या लवकर ते शेत कधी लागलं नव्हतं. भिवाजीने हिशोब घेतला, पुढच्या वर्षी लागलं तर फोन करा म्हणाला. ती माणसं रस्त्याला लागली. नागू आणि जना बांधावर उभे राहिले. चारही खाचरं हिरवी झाली होती. ओळी सरळ होत्या.

"चांगलं लावलंय," नागू म्हणाला.

"हा," जना म्हणाली.

घरी आल्यावर त्या दोघांनी जेवून घेतलं. टोप जवळजवळ तसाच राहिला. जना त्याच्याकडे बघत बसली. मग तिने उरलेलं बिरडं भातावरच ओतलं, वर ताट झाकलं, फडक्याने घट्ट बांधलं आणि नागूच्या पुढे ठेवलं.

"चिंधीकडं नेऊन दे. लावणीचं जेवण घरात ठेवत नायत."

असं काही ठेवत नाहीत हे नागूने कधी ऐकलं नव्हतं. तरी तो टोप उचलून गेला. वाटेत त्याला परत फिरावंसं वाटलं. घेऊन काय जायचं? त्यांनी तेही मोजून परत केलं तर?

गजा फेरीवर गेला होता. चिंधीकाकी ओट्यावर वाती वळत बसली होती. तिने टोप बघितला, फडकं सोडलं, आत डोकावलं.

"जनाने केलंय?"

"हा."

"लय केलंय."

"मजुरांनी खाल्लं नाय."

काकीने त्याच्याकडे बघितलं. मग टोप मांडीशी ओढून घेतला आणि आत हाक मारली, ताटं घ्या गं, जनाकडनं आलंय. आतून सुनेचा आणि पोरांचा आवाज आला. नागू उभा होता. टोप रिकामा करून देतील म्हणून तो थांबला होता.

"जा तू," काकी म्हणाली. "टोप राहू दे. देते मग."

तो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती. झाकीरने विचारलं, लावणी झाली का? झाली, नागू म्हणाला. गावाने मिळून केली असेल, झाकीर म्हणाला, तुमच्यात ते बरं असतं. नागूने मान हलवली आणि आत गेला. पहिल्या गल्लीत पाऊल टाकलं तसा डोक्यावर दिवा लागला.

आवण रुजलं. पातं काळपट हिरवं झालं. जनाने एकदोनदा विचारलं, टोप आला का माझा? नागू म्हणाला, नाय. श्रावण लागला. तिने पुन्हा विचारलं. रोज गजाच्या दारावरनंच जातोस ना, आण की उचलून, सणाला लागतो. नागू म्हणाला, राहू दे. राहू दे काय, ती म्हणाली, भांडं हाय माझं. तो म्हणाला, मी नवीन आणतो कर्जतवरनं. ती चिडली. चांगला टोप असताना नवीन कशाला? त्यांच्याकडे आपलं एवढं तरी राहिलंय, हे नागूने तिला सांगितलं नाही.

रोज कामाला जाताना तो गजाच्या घरावरून जायचा. टोप ओट्यावर असायचा. घासून लख्ख केलेला, पागोळीच्या आत उपडा घातलेला. कधी चिंधीकाकी शेजारीच बसलेली असायची. एके दिवशी त्याने मोटरसायकल हळू केली. काकीने मान वर केली. तो टोपाकडे बघत होता, ते तिने बघितलं.

"निघालास का रं?"

"निघालो."

"पाऊस हाय. सावकाश जा."

"हा काकी."

टोपाचं ती काही बोलली नाही. त्यानेही मागितला नाही. त्याने गिअर टाकला आणि नेरळच्या रस्त्याला लागला.